तातेरावांच्या घरात झोपलेलं गाव

माझ्या मावशीचे यजमान तातेराव आमच्याच गावचे. आष्टीच्या बाजारात त्यांना लांबून पाहिलं तरी लोक रस्ता बदलत. माणूस सोन्यासारखा, पण मातीच्या घराबद्दल बोलायला लागला की बैलानेही मान टाकावी.

किल्लारीच्या भूकंपानंतर गावाने मातीच्या घरांची धास्ती घेतली होती. ज्याला त्याला स्लॅब हवा. सोयरिकीला आलेले पाहुणे आधी छताकडे बघत, मग मुलाकडे. नेमके त्याच सुमारास तातेराव बदनापूरला शेतीचं प्रदर्शन बघायला गेले आणि तिथल्या मातीच्या गार खोलीत बसले, ते संध्याकाळीच उठले. परत आले ते प्रतिज्ञा करूनच. घर बांधीन तर मातीचं, आणि आणखी एकाला तरी बांधायला लावीन.

पांढरी माती, भुसा आणि शेण कालवून त्यांनी भेंडे, म्हणजे कच्च्या विटा, पाडल्या, दोन हात रुंद भिंती उठवल्या. भिंत हलली तरी छत डोक्यावर येऊ नये म्हणून लाकडाचा सांगाडा उभा केला आणि कडुनिंबाचा पाला अंथरून वर मातीचं सपाट माळवद घातलं. गाव हसलं. शेजारच्या सर्जेरावांनी तर त्याच वर्षी मुद्दाम स्लॅब टाकला.

उन्हाळा लागला आणि तो स्लॅब तव्यासारखा तापला. वीज गेलेली. सर्जेराव पाणी प्यायला म्हणून तातेरावांकडे आले आणि तिन्हीसांजेला जागे झाले. दुसऱ्या दिवशी येताना उशी घेऊन आले. पुढच्या आठवड्यात अख्खी आळी आली. तातेरावांना वाटलं, झालं काम. ते रोज दुपारी मधोमध उभे राहून भिंतीची जाडी, खिडकीची दिशा समजावून सांगत. लोकांना ते फार आवडे, कारण त्याने झोप लवकर लागे.

मावशीला मात्र स्वतःच्या घरात पाठ टेकायला जागा नव्हती. घोरणाऱ्यांच्या तंगड्या ओलांडत ती चुलीपाशी जाई.

सर्जेरावांच्या मुलाची सोयरीक जमली तेव्हा तर कहर झाला. पाहुण्यांना स्लॅब दाखवला, आणि ऊन वाढताच सगळ्यांना जेवायला नि झोपायला तातेरावांकडे आणलं. पाहुणे भिंतीला टेकून ढेकर देत म्हणाले, सर्जेरावांचं घर मोठं झ्याक. तातेरावांनी त्यांनाच ताक वाढलं.

शेवटी न राहवून त्यांनी सर्जेरावांना विचारलं, तुम्ही का बांधत नाही?

"तात्या, तुमचं हाय की," सर्जेराव कूस बदलत म्हणाले. "एका गावाला दोन मारुती लागतेत का?"

असे कितीतरी उन्हाळे गेले. एकदा चिडून त्यांनी कुलूप लावलं, तर गाव बाहेर भिंतीच्या सावलीत झोपलं. गावात कुणी ऐकेना म्हणून ते शहागडपर्यंत जाऊन हायवेवरच्या ट्रकवाल्यांना माती समजावू लागले. मला त्यांची दया येई.

मग एका हिवाळ्यात मावशीने शेतात शेळ्यांसाठी खोली बांधायला काढली. शेळ्यांच्या खोलीत कोण लक्ष घालतो?

चैत्रात एका दुपारी ती घरात दिसेना. शोधत तातेराव शेतात गेले. शेळ्या बाहेर बाभळीखाली बांधलेल्या. आत घोंगडीवर मावशी एकटीच, हातपाय पसरून झोपलेली. भिंती दोन हात रुंद. खिडकी त्यांनी सांगितलेल्याच दिशेला. वर कडुनिंबाचा पाला, माळवद. त्यांनी भिंतीवर तळवा टेकला.

"माझं आइकून बांधलं तू?"

"मंग? इतकी वर्सं आइकूनच राह्यले न्हाई का." ती उठून बसली.

तातेराव लगबगीने वळले. आता गावाला ओरडून सांगायचं होतं, बघा, पटलं एकाला.

"सांगा की," मावशी मागून म्हणाली. "उद्या सर्जेराव हितं येऊन घोरतेत. म्या मंग जाऊ कुटं?"

ते उंबऱ्यावरच थबकले. मग चपला काढून आत आले, दाराला कडी लावली आणि तिच्याशेजारी आडवे झाले. भिंतीबद्दल त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत.

मावशीने हे मला तातेराव वारल्यानंतर सांगितलं. गावात कुणालाही विचारा, अजून हेच सांगतील, की बिचाऱ्या तातेरावांचं कुणी ऐकलं नाही.