रुमालाखालचा सौदा

धनाजीचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या यार्डात हळदीच्या सौद्यात उभा होतो. "मामा, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी फोन खिशात टाकला आणि समोरच्या ढिगावर आणखी बोली चढवली. ढीग मलाच सुटला. पोती भरायला सांगून दुकानाच्या पायरीवर येऊन टेकलो, तेव्हा कुठे ते शब्द आत उतरले. ताई म्हणजे जया. धनाजीची थोरली बहीण, माझी भाची. ती आजारी आहे हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. इतके आठवडे झाले, तिच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो की आधी राग येतो. तो लपवून लिहिणं मला जमणार नाही.

जयाची आई म्हणजे माझी आक्का, वडूजला दिलेली. तिला रक्त पडायचं. सगळ्यांनी मूळव्याध ठरवून टाकली. कुणी ताक सांगितलं, कुणी सुरण, कुणी गंडा बांधून आणला. बाईमाणसानं असली जागा डॉक्टरला दाखवायची कशी, या लाजेपायी साताऱ्याला न्यायला उशीर झाला. तिथं कळलं की आतड्याचा कॅन्सर आहे आणि तो पार यकृतापर्यंत पोचलाय. आक्का गेली तेव्हा जया कॉलेजात होती. तिला रडताना मी पाहिलं नाही. पुढे ती शिकत गेली, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागली. तिचं काम काय असं कुणी विचारलं की घरातली माणसं "कसलं तरी रंगाचं" एवढंच सांगायची.

मलाही ते कळत नव्हतं. एकदा सांगलीला आली असताना ती माझ्याबरोबर गोदामात आली आणि मला हात धुऊन यायला सांगितलं. मी साबण लावून खसाखसा धुतले. मग तिनं शटर ओढून अंधार केला आणि पर्समधली छोटी बॅटरी काढून तिचा निळा-जांभळा उजेड माझ्या हातांवर टाकला. नखांच्या कडा, तळव्यावरच्या रेषा... सगळं हिरवट-पिवळं पेटलं. माझेच हात, पण कुणा दुसऱ्याचे वाटले. मी दचकून मागे सरलो.

"भिऊ नका, हळद हाय ती," ती हसत म्हणाली. "आमचं कामबी असंच, मामा. आतड्यात रंग फवारायचा आन् धुऊन काढायचा. चांगल्या जागेवरनं तो निघून जातो. बिघाड सुरू झालाय तिथं चिकटून बसतो. निळा उजेड टाकला की तेवढंच चमकतं. साध्या उजेडात डॉक्टरच्या नजरंतनं सुटतं असलं."

त्या रंगाची चाचणी सुरू झाली तेव्हा ज्यांच्या घरात हा रोग कुणाला होऊन गेलाय अशी माणसं त्यांना हवी होती. तिनं मला धरून नेलं. मी लय तमाशा केला. मी दगड पचवणारा माणूस, मला काय धाड भरलीय, असं दवाखान्यात ओरडलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गाऊन हातात दिला. माझ्या आतड्याच्या एका घडीमागे भिंतीला चिकटलेला चपटा ठिपका सापडला. साध्या उजेडात तो दिसलाच नव्हता. कॅन्सर व्हायच्या आधीच त्यांनी तो काढला. म्हणजे आज मी आहे तो तिच्यामुळे... आणि त्यामुळे माझा राग कमी होत नाही, वाढतो.

शेवटची आली ती दिवाळीनंतर. बारीक झाली होती. विचारलं तर धावपळ होते म्हणाली. हळकुंड मोडून नुसत्या आवाजावर त्यातला ओलावा सांगणारा मी, पण घरच्या पोरीचा चेहरा मला वाचता आला नाही. अर्धी भाकरी ताटात ठेवून ती उठली, माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. पूर्वी असाच रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि ठरला की मोडायचा नसायचा. लहानपणी माझ्या मांडीवर बसून ती हा खेळ शिकली होती. तिनं माझं एक बोट घट्ट धरलं.

"एक माणूस पायजे. आपला धनाजी. त्याला तपासणीला घिऊन या. माझं तो ऐकत न्हाई."

"आन् मला काय मिळणार?"

"तुमाला मिळून झालंय की."

मी हसून बोट दाबलं. सौदा झाला. तिचा हात कढत होता. अजून बोली चालू असताना मधूनच त्या बोटाला तो कढतपणा जाणवतो आणि पुढचा आकडा तोंडातच राहतो.

तेराव्यानंतर तिच्याबरोबर काम करणारे डॉक्टर भेटायला आले, त्यांच्याकडून सगळं कळलं. चाचणी करणाऱ्यांपैकी कुणालाही त्या चाचणीत भाग घेता येत नाही. आपल्याच हातानं आपली परीक्षा नको, म्हणून नियमच तसा. जया दरवर्षी तपासून घ्यायची, पण साध्या पांढऱ्या उजेडात. तिचाही ठिपका चपटाच होता; तो नजरेतून सुटत राहिला आणि कॅन्सर होऊन पसरला तेव्हाच कळला. यात कुणाची चूक नव्हती, असं डॉक्टर म्हणाले आणि मी त्यांच्यावर ओरडलो. चूक कुणाची असती तर मी त्याच्या दारात जाऊन बसलो असतो. पाठीवर पोती वाहण्यापासून मी इथवर आलो तो तोंडाच्या जोरावर. "नियम आहे" म्हणणारे किती जण वाकवलेत. हिनं एकदा सांगायचं तरी. जमलं नसतं कदाचित... पण भांडू तरी द्यायचं. माल न दाखवता सौदा केला तिनं माझ्याशी. यार्डात असा सौदा मी उभ्या उभ्या मोडला असता. पण मोडायला समोर माणूस लागतो.

वडूजला गेलो. धनाजी फौजेतून सुटून आलाय, शेती बघतो. जनावरांना वैरण टाकता टाकता त्यानं माझं सगळं ऐकलं.

"मामा, ती जन्मभर दुसऱ्याची आतडी बघत बसली. तिचं तिलाच दिसलं न्हाई. मला काय दिसणार हाय?"

बोलण्यात मी सहसा हरत नाही.

"ठावं न्हाई रं," मी म्हटलं. "मी बोट दाबून बसलोय. आन् सोडवून घ्यायला ती न्हाई."

हातातली पेंढी तशीच टाकून तो आत गेला. सकाळी बॅग घेऊन गाडीत बसला. शिरवळला चहाला थांबलो. तिथं कपाकडे बघत त्यानं एवढंच विचारलं, "ताईला लय दुखलं आसंल का वो?" मी कप तसाच ठेवून पैसे द्यायला उठलो.

पुण्यात तिचा मामा म्हणून मला तपासणीच्या खोलीत बसू दिलं. खिडक्या झाकलेल्या, दिवे मालवलेले. गुंगीत पडलेला धनाजी आणि समोर स्क्रीन. आधी पांढऱ्या उजेडात आतडं दिसलं; गुलाबी, ओलं, स्वच्छ. तिचंही असंच दिसलं असेल. डॉक्टरांनी रंग फवारला, थोडं थांबले, पाणी मारून धुऊन काढला आणि उजेड बदलला. स्क्रीन काळी झाली. मी त्या काळोखात बघत होतो. काही दिसू नये असं वाटत होतं... आणि काहीतरी दिसावं असंही. मग एका घडीआड ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका पेटला. "वेळेत सापडलं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी तो ठिपका काढला आणि स्क्रीन पुन्हा पूर्ण काळी झाली; चमकण्यासारखं आत काही उरलं नव्हतं.

धनाजीला बाहेर नेलं. मी खुर्चीतच बसून राहिलो. नर्सनं दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"राहू द्या बाई," मी म्हटलं. "जरा वेळ अंधारच राहू द्या."