नखानं न निघालेली गाठ

हरभऱ्याचे ढाळे भाजल्याचा वास आला की मला ताडकळसजवळचं आमचं रान आठवतं. मर रोगाला दाद न देणारं वाण पेरूनही त्या साली झाडं वाळायला लागली. "बी बोगस हाय, आता हरभरा बंद," सासरे म्हणाले. सगळे वाळलेलं झाड उपटून बघत होते. उपटलं की बारीक मुळं मातीतच तुटून राहतात, म्हणून मी खुरप्यानं खणून काढलं, बादलीत धुतलं. मुळांवर गाठी दिसल्या. "त्या नत्राच्या, चांगल्या असत्यात," सासरे म्हणाले. पण नत्राची गाठ नखानं निघते, ही निघेना, मूळच सुजलेलं होतं. "मामा, मातीतल्या डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यांनी, सूत्रकृमींनी मूळ फोडलं, तिथनं मर शिरली. बी खरं हाय." पुढच्या खरिपात सासऱ्यांनी तिथं सूत्रकृमींना मारणारा झेंडू लावला आणि रब्बीत तेच वाण पेरलं. रान शेवटपर्यंत हिरवं राहिलं. आता गावात कुणाचं झाड वाळलं की लोक ते खणून आमच्या दारात आणतात, आणि माझ्याआधी नख लावून बघतात ते सासरे.