वावरातली देवी

हुरड्याचा धूर नाकात गेला की संग्रहालयाचं फाटक आठवतं. विहीर खणताना आमच्या देऊळघाटच्या वावरात निघालेली देवीची मूर्ती आम्ही तिथे दिली होती. ज्वारीची पहिली कणसं तिच्यापुढे ठेवल्याशिवाय आई हुरडा खात नसे. मग एका वर्षी इथल्या लोकांनाही तिकीट सुरू झालं. मी पैसे काढले, तर आईने माझा हात धरला. "आपल्याच देवीले भेटाले तिकीट काऊन?" कणसं फाटकाच्या गजांत खोचून ती परतली आणि त्यानंतर हुरडा तिने कधी तोंडात घातला नाही. यंदा इथल्या लोकांचं तिकीट माफ झालं. कोवळी कणसं पिशवीत भरून मी म्हटलं, "चाल माय." ती चुलीपासून उठलीच नाही. म्हणाली, "राहू दे. देवी आता त्यायचीच झाली."