चाचीच्या हातच्या बांगड्या

"हात ढिला सोड वो पोरी. तुही हाडं नाई मोडून राह्यली मी." बोटं एकत्र आवळत बांगडीवाली चाची असं म्हणायची, आणि आपण कळवळेपर्यंत बांगडी मनगटात उतरलेली असायची. सिंदेवाहीच्या आमच्या गल्लीत इतक्या घट्ट मापाच्या काचेच्या बांगड्या दुसरं कोणी भरू शकत नव्हतं.

मग तिच्या कोपरांवर, बोटांच्या पाठीवर लाल चट्टे उठले. वर पांढरे पापुद्रे. थंडीत ते चिरायचे. मी तिला चंद्रपूरच्या डॉक्टरकडे नेलं. सोरायसिस, तो म्हणाला. कातडी गरजेपेक्षा भराभर वाढते. मलमानं दबेल, पुन्हा उठेल, जन्मभर सोबत राहील. पण शिवल्यानं कोणालाही होणार नाही.

"मले सांगून काय फायदा?" चाची म्हणाली. "हिच्या गल्लीले सांगा."

मी सांगितलं. स्टेन्सिल कापून ‘हा रोग शिवून होत नाही’ असं पत्रक छापलं, घरोघर वाटलं. शिकलेल्या बायका. वाचून म्हणाल्या, "खरं आहे." आणि चाची दिसली की आपले हात पदराखाली. अज्ञान म्हणून मी त्यांना माफ करत नाही. त्यांना माहीत होतं.

ताईच्या लग्नात हिरवा चुडा भरायला चाची पेटी घेऊन आली. आईनं तिला अंगणातच थांबवलं.

"बांगड्या दे. आमी घालतो."

"काऊन वो बाई? तुमच्याच पोरीनं तं कागद वाटला."

"कागद ठीक आहे. हे लग्नघर आहे."

मी दारात उभी होते. मी आईला अडवलं नाही. हेही लिहायलाच हवं.

आत मामीनं जोर केला. तिसरी बांगडी ताईच्या हातातच फुटली, रक्त आलं. नवरीची बांगडी फुटली म्हणून आई रडत अंगणात धावली. "ये वो चाची, आत ये!"

चाचीनं दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "हे तेच हात हायेत, बाई. एवढ्यात बरे नाई झाले."

तरी ताईसाठी ती आत आली. साबण लावून अख्खा चुडा भरला. एकही बांगडी फुटली नाही. चहाला हात लावला नाही. पेटी उचलली, ती पुन्हा या गल्लीत आलीच नाही.

आता इथल्या बायका दुकानातून दोन मापं मोठ्या बांगड्या आणतात आणि स्वतःच चढवतात. आई भांडी घासते तेव्हा त्या हातातून निसटून राखेच्या पाण्यात पडतात. ती चाचपडत शोधते.

मी त्या पाण्यात हात घालत नाही.