कोपरापर्यंत चढलेली बांगडी

मंडळी, पंधरा वर्षं नर्स आहे, पण आज रहिमतपूरच्या एका बांगडीवालीनं मला थक्क केलं.

दुपारी बांगड्या भरणाऱ्या हमीदाचाची एका सात महिन्यांच्या गरोदर मुलीला हाताला धरून दवाखान्यात आल्या. डोहाळजेवणाचा चुडा भरणं अर्ध्यावर सोडून! मुलीचा एक हात हिरवागार, दुसरा रिकामा.

"सिस्टर, हिच्या लग्नात मीच अडीचच्या मापाची बांगडी लय दाबून घातली हुती. आज त्याच मापाची सरकन कोपरापर्यंत चढली. आन् चिमटीत धरलेलं कातडं खाली बसंना."

मी वजन केलं. गेल्या महिन्यापेक्षा दोन किलो कमी! ओठ कोरडे, डोळे खोल, अंगातलं पाणीच आटलेलं.

गेल्या महिन्यात मीच हिला सासूसमोर विचारलं होतं, "जेवतेस ना?" ती "व्हय" म्हणाली आणि मी तसंच लिहून टाकलं. आज एकटीला विचारलं, तर रडायलाच लागली. पोटात काही ठरत नाही, पाणीसुद्धा.

डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत.

आभार मानायला मी चाचींचा हात धरला. त्यांनी सवयीनं माझाच पंजा दाबला, कातडं चिमटीत धरून बघितलं.

"आवं सिस्टर, सकाळपासनं पानी तरी प्यालाय का तुमी?"

नव्हते प्याले. मंडळी, तुम्ही?