सुलोचनाबाईंची बेचाळीस घरं

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास हिंगणघाटात कुणाचे पैसे गॅसवाल्याकडे अडकले, तर तो वकिलाकडे जात नसे. तो जाई सुलोचनाबाई ताकसांडेंकडे. समुद्रपूरच्या पहिल्या एसटीनं माणूस यायचा, ओट्यावर बसायचा आणि पिशवीतून चुरगळलेले कागद काढता काढता रडगाणं सुरू करायचा. सुलोचनाबाई चष्मा नाकावर चढवत म्हणायच्या, "पावती दाखवा आधी. रडाले सारा दिवस पडला हाय." फी म्हणाल तर एक पैसा नाही, उलट चहा त्यांच्याच घरचा. वर्ध्याच्या ग्राहक मंचातला शिपाईसुद्धा त्यांना पाहिलं की खुर्ची पुढे करायचा.

पण हा मान काही ताटात वाढून आलेला नव्हता. त्याआधी ही बाई भर विहारात चोर ठरली होती.

गोष्ट सुरू होते चौऱ्याण्णव साली. सरकारी गॅससाठी नंबर लावून लोक पाच-पाच, सात-सात वर्षं बसलेले. वणा नदीकडच्या वस्तीत तर सगळा स्वयंपाक पऱ्हाटीच्या काड्यांवर, नाहीतर मातीच्या तेलाच्या, म्हणजे रॉकेलच्या, स्टोव्हवर. धुरानं बायांचे डोळे लाल आणि भिंती काळ्याकुट्ट. अशात बाजारातल्या भैय्याजींनी 'अग्निदीप' नावाच्या खाजगी गॅस कंपनीची एजन्सी घेतली. भैय्याजी म्हणजे लोखंडी सामानाचे व्यापारी, माणूस गोड बोलणारा. त्यांना काउंटरवर लिहिणारं कुणीतरी हवं होतं. मॅट्रिक झालेल्या, मोत्यासारखं अक्षर असलेल्या सुलोचनाबाईंना त्यांनी ठेवून घेतलं. यजमान बापूराव मिलमध्ये होते. घरातली ही दुसरी मिळकत, आणि तीही खुर्चीवर बसून! बाईंना कोण आनंद झाला होता.

त्यांनी नुसतं काउंटर सांभाळलं नाही. संध्याकाळी वस्तीत घरोघर जाऊन सांगितलं, "नंबर नाई, वशिला नाई. डिपॉझिट भरा, आठ दिवसांत गॅस घरी." डिपॉझिट अडीच हजार. मिलमधल्या माणसाच्या एका पगाराहून जास्तच. लोक विचारायचे, "पैसे बुडन तं?" बाई छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "बुडन कायचे? गॅस नको झाला तं सारे वापस. मी हावो ना!" या 'मी हावो ना' वर बेचाळीस घरांनी पैसे काढले. कुणी गळ्यातली पोत मोडली, कुणी बकऱ्या विकल्या. त्रेचाळिसावं घर खुद्द बाईंचं.

त्यातल्या आनंदाबाई नगराळे वस्तीतल्या सगळ्यात तिखट. त्यांच्या घरी सिलेंडर आला तेव्हा त्यांनी त्याला घासून पुसून हळदीचं बोट लावलं आणि दुसऱ्या दिवशी भांड्यांवर नावं घालणारा गल्लीत आला तसं त्याला हाक मारली. आपल्याकडे तांब्या-परातीवर नाव घालायची रीतच आहे. एवढ्या महागाचं भांडं बिननावाचं कसं ठेवायचं? तो बिचारा टाकीला छिन्नी लावायला तयार होईना. "उडून जाईन बाई मी!" म्हणाला. शेवटी सिलेंडरच्या वरच्या कड्यावर त्यानं नाव घातलं, 'आनंदाबाई ना. नगराळे, हिंगणघाट'. आनंदाबाईंचं पाहून आणखी दहा-बारा जणींनी आपापली नावं घालून घेतली. समुद्रपूरकडच्या गिऱ्हाइकांतही हेच खूळ शिरलं, कारण तिकडेही गॅस भैय्याजींच्याच गाडीतून जायचा.

पहिला गॅस संपला आणि गाडीवाला रिकामा सिलेंडर नेऊन दुसरा भरलेला ठेवू लागला, तेव्हा आनंदाबाईंनी गल्ली डोक्यावर घेतली. "माया नावाची टाकी कुठी घेऊन चालला रे? या टाकीवर कोन्या वच्छलाबाईचं नाव हाय!" सुलोचनाबाईंना धावत जावं लागलं. हसू दाबत त्यांनी समजावलं, "अवं माय, हे भांडं नोहे. टाकी बदलतच राह्यते. आतला गॅस तुया, टाकी कंपनीची." आनंदाबाईंनी ती टाकी ठेवून घेतली, पण पुढे कितीतरी दिवस कुरकुरत होत्या. वस्तीला मात्र चांगली करमणूक झाली.

तीन वर्षं बरी गेली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात गाडी उशिरा येऊ लागली आणि दिवाळीआधी यायचीच बंद झाली. अग्निदीप कंपनीनं गाशा गुंडाळला होता. भैय्याजींच्या दुकानावर एक नोटीस लागली. पावतीवर ज्या नंबरचा सिलेंडर लिहिला आहे, तोच सिलेंडर आणून द्या आणि डिपॉझिट घेऊन जा.

लोक सायकलच्या कॅरिअरवर, डोक्यावर, हातगाडीवर सिलेंडर घेऊन दुकानाशी आले. कंपनीचा एक माणूस नागपूरहून येऊन बसला होता. तो पावती बघे, सिलेंडरवरचा नंबर बघे आणि मान हलवे. नंबर जुळत नाही, पैसे नाहीत. पुढचा. नंबर जुळत नाही. पुढचा.

जुळणार कसा? पावतीवर नंबर पहिल्या सिलेंडरचा, आणि तो पहिल्याच महिन्यात बदलून गेलेला! लहान पोराला कळेल अशी गोष्ट. सुलोचनाबाईंनी तेच त्या माणसाला तोंडावर सांगितलं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "कंपनीचा नियम आहे. ज्याचा सिलेंडर, त्यालाच भरून परत. नंबर लिहिताना इथंच घोळ झाला असणार."

लोक भैय्याजींकडे वळले. भैय्याजींना सगळं ठाऊक होतं. गाडी त्यांचीच होती. पण तेवढ्या गर्दीपुढे त्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि त्यांनी सरळ बोट दाखवलं. "पावत्या सुलोचनानं लिहिल्या. अक्षर तिचं हाय. तिले विचारा." आणि संध्याकाळी बाईंना एकटं गाठून म्हणाले, "उद्यापासून येऊ नको. तुये अडीच हजार मी गुपचूप देऊन टाकतो. बाकीच्यायचं तोंड तू बंद ठेव."

"भैय्याजी, माये पैसे सगळ्यायच्या शेवटी," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि काउंटरवरचा आपला डबा उचलून निघाल्या. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला.

खरा घाव पुढच्या रविवारी बसला. विहारात वंदना आटोपली, लोक उठायच्या बेतात होते, तेवढ्यात आनंदाबाई उभ्या राहिल्या. "सुलोचना, तू खोटे नंबर लिहिले. कमिशन खाल्लं तू. चोर हायस तू चोर!" कुणी त्यांना अडवलं नाही. ज्या बायांच्या धुराच्या चुली बाईंनी विझवल्या होत्या, त्यांनी खाली माना घातल्या. सुलोचनाबाई घरी आल्या आणि दाराला कडी लावून हमसून हमसून रडल्या. बापूराव म्हणाले, "जाऊ दे. लोक विसरतीन."

"ते विसरतीन हो, मी कशी विसरू? मी सांगतलं होतं ना त्यायले, मी हावो म्हणून!"

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत त्यांनी वर्ध्याच्या ग्राहक मंचात तक्रार टाकली. वकील नाही. वहीच्या रेघी कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलेली, बेचाळीस जणांच्या नावांची, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःचं नाव. सह्या-अंगठे मिळवायला पुन्हा त्याच दारांशी गेल्या. कुणी दार लोटून घेतलं, कुणी "कर बाप्पा काय करायचं ते" म्हणून अंगठा दिला. आनंदाबाईंनी तो दिला, पण पाणीसुद्धा विचारलं नाही.

पहिल्या तारखेला कंपनीचा वकील हसतच उभा राहिला. सिलेंडर बदलले जात होते याला पुरावा काय? एक कागद दाखवा. सुलोचनाबाईंजवळ कागद नव्हता. अध्यक्षांनी पुढची तारीख दिली आणि म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं खरं असेलही. पण नुसत्या म्हणण्यावर निकाल देता येत नाही."

परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसून होत्या. एकामागून एक गावं गेली. बाईंना त्या दिवशी बाहेर काय चाललंय याचं काही भानच नव्हतं. डोक्यात एकच घोळत होतं, पुरावा, पुरावा. आणि हिंगणघाट यायला दहा मिनिटं असताना त्या एकदम एवढ्या मोठ्यानं "अगंबाई!" म्हणाल्या की शेजारची म्हातारी दचकून जागी झाली.

नावं! कड्यावरची नावं!

घरी न जाता त्या तशाच वस्तीत शिरल्या आणि दारोदार सिलेंडर तपासत सुटल्या. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. कुठे दुसऱ्याच गल्लीतल्या बाईचं नाव, कुठे पार समुद्रपूरच्या बाईचं. अशी सात परकी नावं निघाली. आनंदाबाईंच्या घरातल्या सिलेंडरवर होतं, 'वच्छलाबाई प्र. चौधरी, समुद्रपूर'. पहिल्या बदलीचा तोच सिलेंडर फिरून फिरून शेवटी परत त्यांच्याच घरी येऊन अडकला होता.

दुसऱ्या दिवशी बाई समुद्रपूरला. प्रभाकरराव चौधरी कापसाचे व्यापारी, वच्छलाबाई त्यांची बायको. त्यांचंही डिपॉझिट बुडालेलं. वच्छलाबाईंचा सिलेंडर हिंगणघाटात आहे म्हटल्यावर त्या माउलीला पहिल्यांदा आनंदच झाला, "भेटली का माही टाकी!" म्हणून. त्यांच्या घरचा सिलेंडर भलत्याच बाईचा निघाला. पण त्यांच्याच आळीत चौथ्या घरी, हरिदास शिंप्याच्या पडवीत, धुळीनं माखलेल्या सिलेंडरवर पदर फिरवल्याबरोबर अक्षरं वर आली. आनंदाबाई ना. नगराळे, हिंगणघाट.

सुलोचनाबाईंनी टाकीवरचा नंबर कागदावर उतरवून घेतला. प्रभाकरराव म्हणाले, "बाई, एसटीत सिलेंडर घेत नाईत. माई जीप हाय. तारखेले मी घेऊन येतो दोन्ही."

आणि आणले त्यांनी. मंचापुढे दोन रिकामे सिलेंडर शेजारी शेजारी ठेवले. एक आनंदाबाईंच्या घरातला, नाव वच्छलाबाईंचं. एक समुद्रपूरचा, नाव आनंदाबाईंचं. अध्यक्ष स्वतः खुर्चीवरून उठले, वाकून दोन्ही नावं वाचली, आनंदाबाईंच्या पावतीवरचा नंबर त्या समुद्रपूरच्या सिलेंडरशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. सुलोचनाबाईंनी लिहिलेला एकही आकडा चुकलेला नव्हता.

"साहेब," बाई म्हणाल्या, "ज्याची टाकी त्यालाच देत होते, तं या दोघी बायकांच्या टाक्या का चालत गेल्या वीस-पंचवीस किलोमीटर?" वकिलाचं हसू कुठल्या कुठे गेलं.  मागे बसलेल्या आनंदाबाई आपलं नाव घातलेल्या त्या कड्याकडे बघत राहिल्या.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये निकाल लागला. कंपनी आणि एजन्सी, दोघांनी मिळून सगळ्यांचं डिपॉझिट व्याजासकट परत करावं. पैसे वाटायचे होते भैय्याजींच्या दुकानात. सकाळपासून रांग लागली. सुलोचनाबाई मात्र घरी भाजी निवडत बसल्या होत्या. ती पायरी चढायची नव्हती, आणि यादीत त्यांचं नाव शेवटी होतं.

अर्ध्या तासानं दारात भैय्याजी उभे. घामाघूम. "सुलोचनाबाई, चला जी जरा." आजवर त्यांच्या तोंडून 'बाई' कधी निघालं नव्हतं, 'जी' तर नाहीच.

झालं असं की रांगेत पहिल्या आनंदाबाई. नोटा पुढे सरकवल्या, छापील कागद पुढे आला, शाईचा डबा उघडला, आणि आनंदाबाईंनी हात पदराखाली घेतला. "सुलोचनानं वाचल्याबिगर मी अंगठा लावत नाई." भैय्याजींनी दुसऱ्याला बोलावलं. तोही नाही. तिसरा नाही. बेचाळीस घरांतला एकही माणूस सही करीना.

बाई पदर खोचून निघाल्या. जी पायरी न चढण्याची शपथ घेतली होती, ती चढल्या, आणि भैय्याजींनी पुढे केलेल्या खुर्चीवर बसून कागद मोठ्यानं वाचला. 'डिपॉझिट व संपूर्ण व्याज मिळाले, काही तक्रार नाही.' नोटा मोजल्या तर डिपॉझिट तेवढं होतं, व्याजाचा पत्ता नव्हता. बाईंनी भैय्याजींकडे नुसतं पाहिलं. भैय्याजींनी मुकाट्यानं गल्ला उघडला.

मग एकेक नाव, एकेक कागद, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून. आनंदाबाईंनी अंगठा उठवला आणि तिथंच मागे वळून रांगेला ऐकू जाईल असं बोलल्या, "विहारात मी हिले चोर म्हटलं होतं. साऱ्यायनं ऐकलं होतं ना? मंग हेही ऐका. चुकलं मायं." सुलोचनाबाईंना पुढचा कागद दिसेना. डोळे पुसून त्यांनी पुन्हा वाचायला घेतलं.

दुपार कलली तेव्हा बेचाळिसावा माणूस पैसे घेऊन उठला. उरला एकच कागद, त्यांचा स्वतःचा. बाईंनी तो मनातल्या मनात वाचला आणि सहीसाठी पेन उचललं.

"थांब," दारातून आवाज आला. आनंदाबाई होत्या. त्यांच्या मागे पायऱ्यांवर, रस्त्यावर, समोरच्या पानठेल्याच्या सावलीत सगळी वस्ती होती. पैसे कमरेला खोचून उन्हात उभी, घरी कुणीच गेलं नव्हतं. "मोठ्यानं वाच. तुले पुरे भेटले का नाई, ते आमाले आयकू दे."