मोरपंखीची कृती

ओल्या सुताचा आणि उकळत्या रंगाचा आंबूस वास अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, अंगाला कायम असायचा. भवानी पेठेत चादरींचं सूत रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नजर फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते मला म्हणाले, "माझे रंग लिवून ठेव की. लिवलेले एकदा डोळ्यांनी बघतो."

ते सांगत गेले, मी टिपत गेले. पायथन या संगणकभाषेत मी एक लहानसं वेब ॲप उभं केलं: रंगाचं नाव विचारावं आणि त्याची कृती जेसनच्या, म्हणजे संगणकाच्या ठरावीक मांडणीतल्या मजकुराच्या, रूपात परत यावी.

पहिलं उत्तर आलं तसा मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. मोरपंखीच्या जागी तिरप्या रेघा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची रांग होती. जेसन देताना पायथन मराठी अक्षरांचे संकेतांक करतो. तसं करू नकोस, हे सांगणारी एक ओळ लिहायला मी विसरले होते.

"ह्यात मी कुटं हाय?" अप्पा हसले. "तुझ्या मशिनला मराठी येत न्हाय व्हय?"

"उद्या नीट करते, अप्पा."

त्या उद्याला, कचेरीच्या कामांत, तीन आठवडे लागले. मग एका दुपारी ती ओळ लिहिली. पडद्यावर मोरपंखी उमटला; खाली मीठ, सोडा, उकळी, सगळं त्यांच्याच शब्दांत. मी धावत त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पडदा नाकाशी आणला, दूर धरला, खिडकीकडे वळवला. मग लॅपटॉप हलकेच माझ्या मांडीवर ठेवून ते म्हणाले,

"वाच."